सहा गावं आणि दोन किलो सातशे ग्रॅम

पुणे शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर, पावसाने नेहमीच हात आखडता घेतलेल्या टापूत सहा गावं आहेत. १९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्राची माणसं तिथे घरोघर जाऊ लागली. ती आजारी माणसांच्या शोधात नव्हती. लग्न झालेल्या, मूल होण्याच्या वयातल्या धडधाकट बायकांची त्यांना यादी करायची होती. अडीच हजारांच्या आसपास बायका या पाहणीत आल्या. त्यांची उंची, वजन, दंडाचा घेर, कातडीखालच्या चरबीची जाडी हे सगळं दिवस राहण्याआधीच नोंदलं गेलं. मग दर महिन्याला पाळीची तारीख विचारायची, पाळी चुकली की सोनोग्राफी करायची, आणि अठराव्या व अठ्ठाविसाव्या आठवड्यात त्या बाईचं जेवण बारकाईने तपासायचं, असा क्रम सुरू झाला.

जेवण तपासायचं म्हणजे नुसतं ‘काय खाल्लं’ एवढं विचारून भागत नव्हतं. दिवसभरात भाकऱ्या किती, कालवण किती, दुधाचा चहा किती वेळा, पालेभाजी आठवड्यातून किती दिवस, फळ शेवटचं कधी खाल्लं, हे सगळं टिपायचं. विहिरीवरून पाणी कोण आणतं, धुणं कोण धुतं, शेतात किती वेळ जातो, हेही लिहून घ्यायचं. रक्ताचे नमुने काढून गोठवून ठेवले गेले. त्यांतल्या काही नमुन्यांचं खरं मोल पुढे अनेक वर्षांनी कळायचं होतं.

या बायका सरासरी एकवीस वर्षांच्या होत्या. उंची साधारण १५२ सेंटिमीटर, वजन ४२ किलो. गरोदरपणात त्यांच्या पोटात दिवसाला सुमारे १८०० कॅलरी आणि ४५ ग्रॅम प्रथिनं जात होती. पोटात बाळ वाढवणाऱ्या आणि त्याच दिवसांत शेतात राबणाऱ्या बाईला हे कमीच पडतं.

बाळ जन्मलं की बहात्तर तासांच्या आत त्याचं मोजमाप व्हायचं. वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, दंडाचा घेर. शेवटी पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, कातडीची घडी अलगद चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी मिलिमीटरमध्ये मोजायची. पूर्ण दिवसांच्या सहाशेहून अधिक बाळांची अशी मापं गोळा झाली आणि इंग्लंडमधल्या साउदम्पटनच्या बाळांच्या मापांशेजारी ठेवली गेली. साउदम्पटनचं बाळ सरासरी साडेतीन किलोचं, आपलं दोन किलो सातशे ग्रॅमच्या आसपास. एवढा फरक अपेक्षितच होता. नवल वाटलं ते पुढच्या रकान्यांमध्ये. पोटाचा घेर सर्वांत कमी भरला, म्हणजे यकृतासारखे पोटातले अवयव लहान. स्नायूही कमी. डोकं त्या मानाने बरं राखलेलं. आणि पाठीवरची चरबी? तिच्यात सर्वांत कमी तूट होती. वजनाने पाऊण किलोहून जास्त मागे असलेल्या त्या बाळाने चरबी मात्र जपून ठेवली होती.

केईएमचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध केले तेव्हा या बाळाला ‘थिन-फॅट’ म्हटलं: दिसायला बारीक, आतून चरबीचं. त्याच्या आदल्या वर्षी पुण्यातल्या आणि लंडनमधल्या बाळांच्या नाळेतलं रक्त तपासून झालं होतं. पुण्याच्या बाळांच्या नाळेत इन्सुलिन जास्त निघालं. ज्या मधुमेहाला आपण चाळिशीनंतरचा, सुखवस्तू माणसाचा समजतो, त्याची पहिली खूण जन्माच्या दिवशीच दिसत होती.

या गावांत दिवस राहण्याच्याही आधीपासून मोजायला सुरुवात का केली, हे समजून घ्यायचं तर मध्येच थोडं लांब, इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात जावं लागतं. १९११ पासून तिथे एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई आरोग्यसेविकांच्या प्रमुख होत्या. परगण्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाचं वजन सुइणीने नोंदवायचं, मग वर्षभर सेविकेने घरी जाऊन बाळ अंगावर पितंय की बाटलीने ते पाहायचं, आणि वर्षाचं झाल्यावर पुन्हा वजन करायचं, अशी शिस्त त्यांनी लावली. हे १९४८ पर्यंत अखंड चाललं. जाडजूड वह्या भरल्या आणि नंतर पडून राहिल्या. ऐंशीच्या दशकात डेव्हिड बार्कर या साउदम्पटनच्या साथरोगतज्ज्ञाच्या हाती त्या लागल्या. वहीतली बाळं आता म्हातारी झाली होती, कित्येक मरण पावली होती. बार्कर यांच्या गटाने ५,६५४ पुरुषांचा माग काढला आणि १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष मांडला: वर्षाचे असताना ज्यांचं वजन १८ पौंड किंवा त्याहून कमी होतं, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण २७ पौंड किंवा त्याहून जास्त वजनाच्यांपेक्षा जवळजवळ तिप्पट होतं.

तोवर हृदयविकार म्हणजे सिगारेट, लोणी आणि आरामखुर्ची, असा हिशेब होता. हा आजार गरिबाघरच्या, अशक्त बाळाचाही असू शकतो, हे ऐकून अनेक डॉक्टर चिडले. बार्कर आणि निकोलस हेल्स यांनी १९९२ मध्ये त्याचं एक स्पष्टीकरण मांडलं. दुष्काळी वर्षात कणगीत धान्य कमी असलं की घरातली कर्ती बाई कोणाला पोटभर आणि कोणाला अर्धपोटी ठेवायचं ते ठरवते. गर्भही तसंच करतो. वारेतून येणारा पुरवठा तोकडा असेल तर तो आधी मेंदूची सोय लावतो. स्नायू, यकृत, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी, मूत्रपिंडातली गाळणी यांच्या वाट्याला उरलंसुरलं येतं. मूत्रपिंडातल्या गाळण्यांची संख्या तर जन्माआधीच ठरून जाते, नंतर नवी गाळणी तयार होत नाही. असं काटकसरीवर वाढलेलं शरीर पुढे काटकसरीतच राहिलं तर निभावतं. पुढे मुबलक खायला आणि कमी हालचाल आली की कमी पडतं.

पुण्यात याज्ञिकांना त्याच सुमारास वेगळ्या बाजूने तीच शंका येत होती. त्यांच्याकडे येणारे मधुमेहाचे रुग्ण पाश्चात्त्य पुस्तकातल्या रुग्णांसारखे दिसत नव्हते. ते तरुण होते आणि बारीकही होते. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे स्नेही जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला, तो या विषयातला सर्वांत प्रसिद्ध फोटो असेल. उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, दोघांचाही अगदी सारखा: २२.३. तपासणीत युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के चरबी निघाली, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला दोघं सारखेच होते.

पुण्यात केईएममध्येच जन्मलेल्या मुलांना चौथ्या वर्षी बोलावून तपासलं तेव्हा जन्मवजन कमी असलेल्यांच्या रक्तात ग्लुकोज प्यायल्यानंतर साखर आणि इन्सुलिन जास्त दिसलं. आठव्या वर्षी पुन्हा पाहिलं. इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त कोणात होती? जन्मताना लहान, पण आठ वर्षांची होईतो अंगावर चरबी चढलेल्या मुलांत. कमी वजनाचं बाळ लवकरात लवकर गुटगुटीत व्हावं म्हणून घराघरांत जी धडपड चालते, तिच्याकडे यानंतर थोडं सावध होऊन पाहायला हवं. उंची वाढणं आणि चरबी चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता जन्मवजनाबद्दल. हा आकडा मोजायला सोपा, म्हणून सगळे त्याच्यावरच थांबतात. तो अपुरा आहे हे नेदरलँड्समधल्या एका भयंकर हिवाळ्याने दाखवून दिलं. सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी दोस्त राष्ट्रांच्या मदतीसाठी संप केला. सूड म्हणून जर्मन सत्तेने देशाच्या पश्चिम भागात अन्न जाऊ देणं थांबवलं. नोव्हेंबरअखेर अ‍ॅम्स्टरडॅममधलं शिधापत्रिकेवरचं अन्न दिवसाला हजार कॅलरींच्या खाली आलं आणि पुढे काही महिने चारशे ते आठशेच्या दरम्यान राहिलं. मे १९४५ मध्ये देश मुक्त झाला आणि उपासमार थांबली. एरवी पोटभर खाणारा समाज, ठरावीक महिने उपाशी, मग पुन्हा पोटभर. माणसांवर असा प्रयोग कोणी करू शकत नाही, करूही नये. युद्धाने तो लादला.

त्या महिन्यांत पोटात असलेल्या मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आई उपाशी राहिली असेल तर बाळ लहान जन्मलं, हे सरळच होतं. पण ज्यांच्या बाबतीत उपासमार गरोदरपणाच्या सुरुवातीलाच आली आणि नंतर आईला खायला मिळालं, ती बाळं जन्मताना चांगल्या वजनाची होती. काट्यावर त्यांच्यात काहीच खोट नव्हती. पुढे त्यांच्यातच हृदयविकार जास्त आढळला. लष्करभरतीच्या वेळी तपासलेल्या तीन लाख तरुणांच्या नोंदी १९७६ मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांतही गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात उपासमार सोसलेल्यांत लठ्ठपणा जास्त होता. २००८ मध्ये त्या हिवाळ्यात पोटात असलेल्या काही जणांचा डीएनए पाहिला तर साठ वर्षांनंतरही एका वाढीच्या जनुकावरच्या रासायनिक खुणा त्यांच्या भावंडांपेक्षा वेगळ्या दिसल्या. पहिले दोन-तीन महिने, जेव्हा बाईला दिवस गेल्याचं धड कळलेलंही नसतं, तेव्हाच अवयवांचा पाया घातला जातो.

हे लक्षात ठेवून पुन्हा त्या सहा गावांकडे वळू. तिथे कोणाची बाळं मोठी भरली? जास्त कॅलरी खाणाऱ्यांची, असं कोणालाही वाटेल. तसं निघालं नाही. एकूण कॅलरी आणि प्रथिनं यांच्याशी बाळाच्या आकाराचा ठळक संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो अठराव्या आठवड्यातल्या दुधाशी आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यातल्या पालेभाज्या व फळांशी. मेथी, शेपू, चाकवत, पेरू असल्या साध्या गोष्टी ज्यांच्या खाण्यात वारंवार होत्या, त्यांची बाळं वजनाला बरी होती. दुसरं, कामाचा भार जितका जास्त तितकं बाळ लहान. विहिरीवरून पाणी शेंदून आणणं, धुणं धुणं या कामांची नोंद याचसाठी झाली होती. जो गावात नळ नेतो त्याने बाळाच्या वजनाला हातभार लावलेला असतो, हे आरोग्य खात्याच्या अहवालात लिहिलेलं सहसा सापडत नाही.

आणि मग ते गोठवून ठेवलेलं रक्त. मुलं सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या आयांच्या जुन्या नमुन्यांमध्ये बी-१२ आणि फोलेट ही दोन जीवनसत्त्वं मोजली गेली. फोलेट भरपूर निघालं. कमतरता अवघ्या एकीत. पालेभाजी थोडीफार होती आणि सरकारी लोह-फॉलिकच्या गोळ्या होत्या. बी-१२ मात्र दोन-तृतीयांश बायकांमध्ये कमी होतं. हे जीवनसत्त्व वनस्पतीत नसतं. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून येतं. गावात दूध असतं, पण ते पहाटे डेअरीत जातं. घरात उरतं ते चहापुरतं, आणि त्यातही सुनेचा वाटा शेवटी.

फोलेट आणि बी-१२ शरीरात जोडीने काम करतात. पेशींची वाढ आणि डीएनएवरच्या त्या रासायनिक खुणा या दोन्हींसाठी लागणारी देवघेव त्यांच्यामार्फत होते. बी-१२ कमी पडलं की फोलेट असूनही अडकून पडतं. ज्या आयांमध्ये फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झाल्यावर खळबळ माजली. यावरून फॉलिक अ‍ॅसिडच टाळावं असं कोणी समजू नये. गर्भाच्या पाठीचा कणा आणि मेंदू नीट बंद होण्यासाठी दिवस राहण्याआधीपासून ते लागतं, आणि १९९१ च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीने हे निर्विवाद दाखवलं आहे. मुद्दा त्याच्या जोडीदाराचा आहे. त्याचा विचार कार्यक्रम आखणाऱ्यांनी केला नव्हता.

त्या गावांतली मुलं अठरा वर्षांची झाली तेव्हा त्यांची पुन्हा तपासणी झाली. जवळजवळ निम्मी, ४८ टक्के, बीएमआयच्या हिशेबाने अजूनही कमी वजनाची होती. तरीही मुलांपैकी ३७ टक्के आणि मुलींपैकी १८ टक्के जणांची साखर मर्यादेबाहेर गेली होती. मिसरूड फुटलेला, हडकुळा पोरगा, आणि साखर चढलेली. ज्यांची पोटात असताना वाढ खुंटली होती आणि लहानपणापासून उपाशीपोटीची साखर वरच्या अंगाला होती, त्यांच्यात हे जास्त होतं.

इथवर बारीक आईची गोष्ट झाली. जड आईची गोष्ट वेगळी वाटते, पण ती याच मुलींपैकी एकीची, पंधरा-वीस वर्षांनंतरची असू शकते. लहान जन्मलेली मुलगी वयात येते, शहरात येते किंवा शहर तिच्या गावात येतं, वजन चढतं, आणि गरोदरपणाचा ताण पडताच तिची साखर वाढते. आता वारेतून बाळाला कमी नाही, गरजेपेक्षा जास्त साखर जाते. इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर ओलांडते. बाळाचं स्वादुपिंड मग स्वतःच जास्त इन्सुलिन बनवू लागतं आणि चरबी साठते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या आकड्यांत भारतात १८.७ टक्के स्त्रिया कमी वजनाच्या आणि २४ टक्के जादा वजनाच्या आहेत. दोन्ही टोकं एकाच देशात, बऱ्याचदा एकाच गल्लीत.

यात रक्ताचा, म्हणजे आनुवंशिकतेचा, भाग किती आणि पोटातल्या नऊ महिन्यांचा किती? याचं सर्वांत नेमकं उत्तर अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यातल्या पिमा आदिवासींकडून मिळालं. त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्यांपैकी एक. संशोधकांनी अशी घरं निवडली, जिथे एक मूल आईला मधुमेह होण्याआधी जन्मलं आणि दुसरं नंतर. आईबाप तेच, घर तेच. नंतर जन्मलेल्या भावंडांत मधुमेह कितीतरी जास्त आणि वजनही जास्त निघालं. बापाला मधुमेह कधी झाला याने असा फरक पडला नाही. म्हणजे पोटातल्या साखरेचा स्वतःचा असा परिणाम आहे. म्हणूनच भारतात प्रत्येक गरोदर स्त्रीची साखर पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान तपासावी असा सरकारी दंडक आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. ‘आमच्या घरात कोणाला नाही’ म्हणून ही तपासणी टाळणाऱ्यांनी त्या बारीक, अठरा वर्षांच्या मुलांचा आकडा पुन्हा वाचावा.

गरोदरपणात वजन किती वाढावं, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००९ मध्ये दिलेलं कोष्टक सगळीकडे वापरलं जातं. आधीचं वजन कमी असेल तर साडेबारा ते अठरा किलो, योग्य असेल तर साडेअकरा ते सोळा, जादा असेल तर सात ते साडेअकरा, आणि लठ्ठपणा असेल तर पाच ते नऊ. डायेन कॉफी या अभ्यासिकेने २०१५ मध्ये दाखवलं की भारतात दिवस राहताना ४२ टक्के बायका कमी वजनाच्या असतात, सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत हाच आकडा साडेसोळा टक्के आहे. आणि गरोदरपणात भारतीय बाईचं वजन वाढतं ते जेमतेम सात किलो. ज्यांनी सर्वांत जास्त वाढवायला हवं, त्या सर्वांत कमी वाढवतात.

याचं कारण निव्वळ गरिबी नाही. आफ्रिकेतले कित्येक देश भारताहून गरीब आहेत. घरातल्या धाकट्या सुनेच्या ताटाला मान नसणं हे मोठं कारण आहे, आणि कॉफी यांनीही त्याकडे बोट दाखवलं. महाराष्ट्रातल्या रिवाजात गरोदर बाईचं कौतुक भरपूर आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, हिरवी साडी, फुलांचे दागिने, पाच पक्वान्नं. बाळंतीण झाल्यावर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, तूप-भात. पण हा सगळा थाट सातव्या महिन्यात किंवा नंतर सुरू होतो. पहिल्या तिमाहीत ओकाऱ्यांनी बेजार झालेली मुलगी सकाळी सगळ्यांचे डबे भरते आणि स्वतः अकरा वाजता चहा-बिस्किटावर भागवते. ‘जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल, अडेल’ ही भीती घालणाऱ्या जुन्या बायकाही अजून आहेत. अडलेल्या बाळंतपणात बायका मरताना त्यांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे त्यांच्या भीतीला कारण होतं. आज शस्त्रक्रियेची सोय हाताशी असताना ती धरून ठेवण्याचं कारण उरलेलं नाही.

या विषयाचं ओझं आईच्याच डोक्यावर टाकणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचं आहे. २०१४ मध्ये ‘नेचर’मध्ये काही अभ्यासकांनी याबद्दल रोखठोक लिहिलं: आयांना दोष देऊ नका. ज्या बाईच्या हातात घरातल्या दुधाचा हिशेब नाही, लग्नाचं वय नाही, दोन मुलांमधलं अंतर नाही, तिला पोषणाचं व्याख्यान ऐकवून काय साधणार?

मुंबईत काही लोकांनी व्याख्यानाऐवजी खाणं देऊन पाहिलं. ‘प्रोजेक्ट सरस’ या नावाने २००६ ते २०१२ या काळात डॉ. रमेश पोतदार, साउदम्पटनच्या डॉ. कॅरोलाइन फॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपडवस्त्यांतल्या साडेसहा हजारांहून अधिक बायकांना यात घेतलं. त्या गरोदर नसतानाच. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला सामोशासारखा पदार्थ, दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. वस्तीतल्या केंद्रावर यायचं, तिथेच बसून खायचं. घरी नेला की तो मुलांच्या पोटात जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

सगळ्या बायका एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात फरक दिसला नाही. पण दिवस राहण्याआधी किमान तीन महिने ज्यांनी तो खाल्ला, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जास्त भरली. त्यातही एक बोचरी गोष्ट: सर्वांत बारीक बायकांना काहीच फायदा झाला नाही, तर अंगाने बऱ्या असलेल्यांची बाळं ९६ ग्रॅमने जास्त भरली. वर्षानुवर्षांची झीज रोजच्या एका सामोशाने भरून निघत नाही. दुसरा निष्कर्ष मात्र मोठा होता. गरोदरपणातला मधुमेह बटाटा-कांदा गटात १२.४ टक्के, पालेभाजी-दूध गटात ७.३ टक्के. गोळी नाही, पथ्य नाही, रोजचा एक खाऊ.

पुण्याच्या त्या गावांमध्येही पुढचं पाऊल टाकलं गेलं. नव्वदच्या दशकात मोजलेली बाळं वयात आली होती. २०१२ पासून त्यांनाच, मुलं आणि मुली दोघांनाही, बी-१२ ची अगदी छोटी मात्रा, रोज २ मायक्रोग्रॅम, देण्याची चाचणी सुरू झाली. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकं, काहींना नुसतीच रिकामी गोळी. ती त्यांच्या पहिल्या बाळंतपणापर्यंत चालू राहिली. त्या मुलींची लेकरं दोन वर्षांची झाल्यावर त्यांची समज आणि बोलणं तपासलं. ज्यांच्या आयांना नुसतं बी-१२ मिळालं होतं, ती रिकामी गोळी घेणाऱ्यांच्या मुलांपेक्षा पुढे होती. तपासलेली मुलं थोडी आहेत, त्यामुळे घाईने डांगोरा पिटू नये. पण लग्नाआधीच्या वयापासून घेतलेल्या इतक्या क्षुल्लक मात्रेचा पुढच्या पिढीच्या बोलण्याशी संबंध दिसावा, ही दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही.

सिडनी आणि पुण्याच्या संशोधकांनी उंदरांवर केलेलं काम यासोबत वाचायला हवं. पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेल्या उंदरांना नंतर दोन पिढ्या पुरेसं खायला दिलं, तरी त्यांची मधुमेहाकडे झुकलेली प्रकृती पूर्ववत झाली नाही. माणसं उंदीर नाहीत. तरी एका योजनेच्या पाच वर्षांत निकाल मागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आज सरकारी यंत्रणा नेमकी कुठून सुरू होते? अंगणवाडीच्या नोंदवहीत बाईचं नाव चढतं ते दिवस राहिल्यावर, तेही पुष्कळदा तिसरा-चौथा महिना उलटल्यावर. २०१५ मध्ये महाराष्ट्राने आदिवासी भागांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. शिधा घरी न देता अंगणवाडीत बसवून गरम जेवण वाढायचं, हा तिच्यातला शहाणपणाचा भाग, कारण मग ताट तिचंच राहतं. पण तीही गरोदर आणि स्तनदा मातांसाठी. लग्न झालेली पण अजून दिवस न राहिलेली एकोणीस-वीस वर्षांची मुलगी अशा आहार योजनांच्या यादीत नाही. किशोरवयीन मुलींसाठी पोषणाची केंद्रीय योजना १४ ते १८ वयासाठी आहे, आणि ईशान्येकडची राज्यं सोडली तर ती फक्त आकांक्षित जिल्ह्यांपुरती. महाराष्ट्रात असे जिल्हे चार: नंदुरबार, वाशिम, धाराशिव, गडचिरोली. बाकी जिल्ह्यांतल्या मुलीला सरकारी शाळेत आठवीपर्यंत दुपारचं जेवण मिळतं, आणि आठवड्याला एक निळी गोळी. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आहे, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड आहे. बी-१२ नाही.